आज काहीच येत नाही

"आज तुम्हांला काहीही येत नाही. कळलं?" बायकोनं सकाळपासून चौथ्यांदा बजावलं.

शिंपीमास्तरांनी मुकाट मान डोलावली. लहानपणच्या तापात त्यांचे दोन्ही पाय कायमचे गेले होते, आणि त्यांचं करता करता आता बायकोची कंबर गेली होती. सरकारकडून घरी रोज दोन तास मदतनीस मिळणार होता. तपासणीच्या बाईंनी येऊन मास्तरांचं कुठे कुठे अडतं ते लिहून न्यायचं, एवढंच बाकी होतं.

बाई आल्या, बसल्या, फॉर्म काढला. मास्तरांची नजर मात्र त्यांच्या पर्सवर खिळली. पट्टा जेमतेम दोन टाक्यांवर लोंबत होता. उसवलेलं काही दिसलं की मास्तरांना चैन पडत नसे.

"द्या इकडे. दोन मिनिटांचं काम."

बायको जोरात खोकली.

"हिला जरा खोकला झालाय," म्हणत मास्तरांनी चाकांची खुर्ची गर्रकन हातानं चालवायच्या मशीनकडे वळवली.

"हात वर जातात?" बाईंनी विचारलं.

"छे, कुठले!" मास्तरांनी डोक्यावरच्या फळीवरून तपकिरी रीळ काढलं.

"बारीक दिसतं?"

"अजिबात नाही हो." आणि एका दमात सुईत दोरा ओवला.

पट्ट्यानंतर बाईंच्या कोटाचं बटण झालं, मग अस्तर. कात्री पडली, खडू घरंगळला. मास्तर न बघता नुसता हात पुढे करत आणि वस्तू हातात येई. बाईंचं पेन भराभर चाललं होतं. बायकोनं खोकणं सोडून कपाळाला हात लावला.

"मास्तर, तुम्हांला तर सगळंच येतं," शेवटी बाई म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलंच माझं. पण बाई, मदतनीस माझ्यासाठी नको होता हो. हिच्यासाठी हवा होता."

"तेच लिहिलंय. तासाभरात या चौदा वेळा वाकल्या. तुम्ही एकदाही मागितलं नाहीत, यांनी एकदाही कुरकुर केली नाही. दोन नाही, चार तासांची शिफारस केलीय."

"चौदा?" मास्तर बायकोकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. त्यांच्या हातातली टेप खाली पडली. सवयीनं पुढे गेलेला हात त्यांनी चटकन मागे घेतला.

तोवर बायको वाकली होती.

"पंधरा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फॉर्म पुन्हा उघडला.