परुळेकरांचं जड ड्रॉइंग

इंद्रजित देशमाने साहेबांनी मोबाइलवरचं स्टॉपवॉच थांबवलं आणि वहीत लिहिलं, 'एक रेघ, चार मिनिटं.'

ती रेघ मारणारे दिनानाथ परुळेकर हाताची घडी घालून स्क्रीनकडे बघत बसले होते. बेलापूरच्या त्या ऑफिसात कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर निघत. तळोज्याच्या एका केमिकल प्लॅन्टचं भलंमोठं ड्रॉइंग परुळेकरांकडे होतं. त्यांनी माउस हलवला की स्क्रीनवरचा बाण निघायचा, वाटेत थबकायचा आणि जावं की न जावं असा विचार करत बसायचा.

"मशीन स्लो आहे, साहेब."

"मशीन गेल्याच महिन्यात नवीन दिलंय, परुळेकर."

"मग ड्रॉइंग मोठं आहे."

"मोठं ड्रॉइंग गीतांजलीकडेपण आहे. तिची रेघ सेकंदात येते." साहेबांनी वही मिटली. "हे बघा, तळोज्याच्या गोडाउनला एक माणूस द्यायचाय. ऑफिसात सगळ्यात स्लो कोण, त्याचं नाव आज पाचला पुण्याच्या हेड ऑफिसला कळवायचं. व्हॉल्व्ह मोजायचं काम आहे. आरामाचं."

साहेब निघून गेले. एकतीस वर्षं परुळेकरांनी पाइप काढले होते, आधी पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर. आता उतारवयात गोडाउनमध्ये बसून लोखंड मोजायचं? त्यांनी डबासुद्धा उघडला नाही.

शेजारच्या टेबलावरच्या गीतांजलीला हे बघवेना. दोन वर्षांपूर्वी ती इथं लागली तेव्हा तिला सगळं काम काकांनीच शिकवलं होतं.

"काका, उठा जरा. बघू दे मला काय लोचा आहे."

ड्रॉइंगमध्ये काय काय आहे ते मोजायला तिनं कॉम्प्युटरला सांगितलं आणि स्वतःचा डबा उघडला. दुसरी पोळी संपता संपता उत्तर आलं.

"पंप बावीस. टाक्या नऊ. आणि काका, हे 'श्री' नावाचं काय आहे? एक हजार आठशे सेहेचाळीस?"

परुळेकर ओशाळले. "बाप्पा."

मग सगळं बाहेर आलं. कामाची सुरुवात गणपतीनं करायची म्हणून परुळेकरांनी फार वर्षांपूर्वी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नखाएवढा बाप्पा काढला होता. एवढासा, पण परुळेकरांचा हात तो! पुढ्यात एकवीस मोदक, प्रत्येक मोदकाला कळ्या, उंदराला मिशा. छापताना तो दिसत नसे, एवढी काळजी घेतलेली. नवं काम आलं की ते जुनी चार-पाच ड्रॉइंगं त्यात ओढत आणि नको ते पुसत. पंप पुसत, टाक्या पुसत. बाप्पाला कोण पुसणार? असे वर्षानुवर्षं एकावर एक बाप्पा बसत गेले. वरून बघणाऱ्याला एकच दिसायचा.

"म्हणजे ही रेघ अडते ती बाप्पामुळे? विघ्नहर्त्यामुळे?" गीतांजलीला हसू आवरेना. "डिलीट करा की."

"बटण दाबून? बाप्पाला? तूच दाब."

तिनं बोट पुढं केलं आणि तसंच मागं घेतलं. "नको बाबा. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे."

शेवटी परुळेकरांनी नेरूळला घरी बायकोला फोन लावला. जयमालाबाई कशानंही गडबडून जाणाऱ्या नव्हत्या.

"प्राणप्रतिष्ठा केली होती का?"

"छे गं. रोज सकाळी नमस्कार तेवढा करतो."

"मग झाली की! आता रीतसर उत्तरपूजा करा. अक्षता वाहा, देव जागचा जरासा हलवा आणि मग विसर्जन."

"अक्षता कुठल्या इथं? हिच्या डब्यात भात आहे."

"शिजलेला? अहो, कमाल करता! मनातल्या मनात वाहा. आणि आरती म्हणा, नुसतं उरकू नका."

मनातल्या मनात अक्षता वाहून झाल्या. देव हलवायचा म्हणून गीतांजलीनं सगळे बाप्पा एकदम निवडले आणि केसभर उजवीकडे सरकवले. इथंच घात झाला. इतके देव एका वेळी हलवायची त्या मशीनची ताकद नव्हती. स्क्रीन पांढराफटक पडला, तो चार वाजून गेले तरी तसाच.

देव अर्धवट हलवून ठेवायची कुणाची छाती आहे? परुळेकरांनी हळू आवाजात आरती सुरू केली. गणपतीची झाली, मशीन ढिम्म. शंकराची झाली, देवीची झाली. विठ्ठलाच्या आरतीला अख्खं ऑफिस टाळ्या वाजवत भोवती उभं राहिलं. त्या आवाजानं देशमाने साहेब केबिनमधून धावत आले.

"हे काय चाललंय?"

"मूव्ह कमांड, सर," गीतांजली म्हणाली.

तेवढ्यात स्क्रीन उजळला. बाप्पा केसभर सरकले होते. काकांनी आणि तिनं मिळून डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं.

"गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी—"

"काका, ते नका म्हणू!"

बटण दाबलं. गीतांजलीनं झटकन फाइल सेव्ह केली. परुळेकरांनी भीतभीत एक रेघ मारली. ती इतकी चटकन आली की तेच दचकले. साहेबांना तर स्टॉपवॉच सुरू करायलाही वेळ मिळाला नाही. परुळेकरांनी दुसरी मारली, तिसरी मारली आणि एकदाचा मोकळा श्वास घेतला.

"उठा, मला बघू दे," साहेब म्हणाले. ऐन उमेदीत तेही ड्राफ्ट्समन होते. खुर्चीत बसून त्यांनी सटासट चार पाइप काढले. पाचव्याच्या जोशात एक टाकी पुसली गेली.

"सर, थांबा, फाइल बंद करून परत उघडू—"

पण साहेबांचा जुना हात थांबेना. एकेक पाऊल मागं जायचं बटण त्यांनी आठ-दहा वेळा दाबलं. टाकी परत आली. तिच्या पाठोपाठ एक हजार आठशे सेहेचाळीस बाप्पाही परत आले आणि स्क्रीन पुन्हा पांढरा पडला.

नेमका पुण्याहून मोठ्या साहेबांचा फोन आला. देशमान्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"देशमाने, पाच वाजले. नाव?"

"दोन मिनिटं, सर. मशीन स्लो आहे."

"मशीन नवीन दिलंय ना? त्या परुळेकरांचंच नाव घालू का मग?"

"नाही, नाही! परुळेकर एकदम फास्ट आहेत. मी स्वतः बघितलं." एवढं बोलून ते परत माउस आपटू लागले.

"मग मशीनवर आत्ता कोण आहे?"

साहेबांनी घसा खाकरला. "आत्ता मीच बसलोय, सर."



"देशमाने," फोन म्हणाला, "तुम्हाला व्हॉल्व्ह मोजता येतात का?"