बुधवारची कंबरदुखी

टेम्पोतून खोकी उतरवून घेताना धाकलूने विचारलं, की भांडीकुंडी यातल्या कुठल्या खोक्यात आहेत. मारितने हसून मान हलवली. भांडी एका पिशवीत होती. खोक्यांत सगळी पुस्तकं होती.

सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाडहून येणारी जीप जिथे थांबते तिथून शेताच्या बांधावरून चालत गेलं की धाकलूचं दुसरं घर लागायचं. मुलगा कल्याणला राहायला गेल्यापासून ते कुलूपबंद होतं. दोन हजार तीन साली ते या नॉर्वेच्या बाईने भाड्याने घेतलं आणि गावाला बरेच दिवस पुरेल एवढा विषय मिळाला. परदेशात बाईमाणसाला मारुतीचं नाव ठेवतात हे कुणालाच माहीत नव्हतं. पण तिने स्वतःच छातीवर हात ठेवून "मारित" असं सांगितलं होतं, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. पहिल्या दिवसापासून ती मारुतीबाई झाली.

मारितने अर्धं आयुष्य एका वर्तमानपत्राच्या कचेरीत घड्याळाकडे बघत काढलं होतं. एका हिवाळ्यात ती इकडे भटकायला आली, गडाच्या माचीवर एका दगडावर टेकली आणि संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. असं बसून राहता येतं, हेच ती विसरून गेली होती. परत जाऊन तिने नोकरी सोडली, घर विकलं आणि ठरवलं, की आता नव्या देशात सावकाश जगायचं. सकाळी वाचायचं, दुपारी लाकडावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावून कागदावर ठसे काढायचे आणि बाकीचा वेळ डोंगराकडे बघायचं.

डोंगर होताही बघण्यासारखा. सकाळी तो निळा असायचा, अकराला राखाडी व्हायचा आणि उन्हं कलली की असा काही तांबूस दिसायचा, की मारितच्या हातातलं पुस्तक मिटायचं. खाचरांतल्या भाताचा हिरवा रंग तर तिच्याकडच्या एकाही रंगाच्या बाटलीत सापडेना.

भाषेचं मात्र जमेना. तिला एकच शब्द पक्का येत होता. पहिल्याच दिवशी बांधावरून तिचा पाय घसरला तेव्हा धाकलू म्हणाला होता, "हळूहळू, बाई." तिने त्याचा अर्थ विचारून घेतला आणि तिला इतका आनंद झाला, की ज्यासाठी ती एवढ्या लांब आली होती ते या देशाने पहिल्याच दिवशी तिच्या ओंजळीत घातलंय असं तिला वाटलं. तिने धाकलूकडून ती अक्षरं लिहून घेतली, फळीवर कोरली आणि मोठा ठसा काढून दारावर चिकटवला.

दारावर पाटी आणि आत भिंतभर जाडजाड पुस्तकं. गावाने जो निष्कर्ष काढायचा तो काढला.

पहिली आली बाईजा. कंबरेवर हात ठेवून ती ओटीवर बसली आणि आपलं दुखणं सांगू लागली. तिच्या बोलण्याचा वेग असा, की मारितला शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळेना. तिने घाईघाईने खिशात मावणारा शब्दकोश काढला, पानं उलटली आणि 'सावकाश बोला' या अर्थाने अजिजीने म्हणाली, "हळूहळू."

बाईजाने समाधानाने मान हलवली. बाईने पुस्तक उघडलं होतं, नीट बघितलं होतं आणि इलाज सांगितला होता. घरी जाऊन तिने सासूला सांगितलं, की डाक्टरबाईने सगळं हळूहळू करायला सांगितलंय. दोन हंड्यांच्या जागी ती एक हंडा आणू लागली, सरपणाची मोळी निम्म्यावर आली आणि दुपारची पाठ टेकू लागली. आठवडाभरात कंबर दुखायची थांबली. ती बातमी पाणवठ्यावरून निघाली आणि जीपने मुरबाडपर्यंत गेली.

मग ओटीवर माणसं दिसू लागली. कुणाचा गुडघा, कुणाचा खोकला, कुणाची म्हैस दूध देईना. मारित प्रत्येकाला त्याच कळकळीने सावकाश बोलायची विनंती करत राहिली आणि प्रत्येक जण आपलं उत्तर घेऊन निघून गेला. नवऱ्याची दारू कधी सुटेल, पोराला नोकरी कधी लागेल, कुठल्याच प्रश्नाला ते उत्तर अडलं नाही. म्हैस दूध द्यायला लागली तेव्हा तर सगळ्यांचीच खात्री पटली.

मारित भांबावली. दाराशी दुधी भोपळे, अंडी आणि नाचणीच्या भाकऱ्या येऊन पडत होत्या, एकदा पाय बांधलेली कोंबडीही आली. नव्या देशातल्या माणसांच्या या प्रेमाने तिचे डोळे भरून येत, पण वाचन बंद पडलं होतं आणि कोरायला घेतलेली फळी तशीच पडून होती. शेवटी तिने धाकलूला गाठलं आणि हातवारे करून, कॅलेंडरवर बोट फिरवून समजावलं, की रोज रोज नको. धाकलूला ते लगेच समजलं. त्याने त्याच संध्याकाळी गावभर सांगितलं, की बाई रोज तपासणार नाहीत, फक्त बुधवारी.

आठवडाभर विखुरलेली गर्दी आता एका दिवशी येऊ लागली. शेणव्याची माणसं आली, कसाऱ्याहून एक जण मेहुण्याला घेऊन आला. जीपवाला महिपत मुरबाडच्या नाक्यावर "डाक्टरबाई, डाक्टरबाई, फास्ट, फास्ट" असं ओरडत माणसं भरू लागला. धाकलू ओटीच्या पायरीवर उभा राहून नंबर लावत असे. धुतलेला सदरा घालायचा हा आठवड्यातला त्याचा एकमेव दिवस होता.

निदान वाट बघणाऱ्यांनी शांत बसावं म्हणून मारितने त्यांच्या हाती चित्रांची पुस्तकं द्यायला सुरुवात केली. पक्ष्यांचं, जुन्या जहाजांचं, बर्फातल्या घरांचं. आणि एका बुधवारी तिला असं काही दिसलं, की ती दारातच उभी राहिली. अंगण माणसांनी भरलेलं होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. राही नावाची एक म्हातारी बर्फाच्छादित शेताच्या एकाच चित्राकडे कितीतरी वेळ बघत होती. तिने बोट ठेवून विचारलं, "ह्ये मीठ का गो?" मारितला प्रश्न समजला नाही, पण इतकं टक लावून बघणारं माणूस तिने आजवर कुठल्याही चित्रप्रदर्शनात पाहिलं नव्हतं.

भातकापणी झाली आणि खळ्यावर भारे येऊन पडू लागले. त्यातल्याच एका बुधवारी काळूरामला त्याच्या भावाने आणि शेजाऱ्यांनी चादरीच्या झोळीत घालून आणलं. भारा उचलताना घोणस चावली होती. घोट्यावर फडकं बांधलेलं, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. महिपतची जीप उभी होती तिथूनच, तिच्या अगदी बाजूने, जीपमध्ये न ठेवता त्यांनी झोळी उचलून इथवर आणली होती.

"बाई," भाऊ म्हणाला, "वाचंल ना?"

अंगणातल्या सगळ्यांनी पुस्तकांतून डोकी वर काढली. उत्तर काय येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मारितने त्या विश्वासाने भरलेल्या चेहऱ्यांकडे बघितलं. आपण या माणसांना काय सांगत आलो हे तिला एका क्षणात लख्ख कळलं आणि आता नेमकं उलटं सांगायचं तर त्याला शब्दच नव्हता. शब्दकोश आत राहिला होता.

ती धावली. गावाने तिला धावताना कधी पाहिलं नव्हतं. अनवाणी, बांधावरून, खाचरातल्या धसकटांतून ती जीपपाशी पोचली आणि सीटवर आडव्या झालेल्या महिपतची कॉलर धरून तिने त्याच्याच तोंडून ऐकलेला शब्द त्याच्या कानात ओरडला. "फास्ट! फास्ट!"

जीप खचाखच भरून वर दोघं लोंबकळल्याशिवाय महिपतने कधी किल्ली फिरवली नव्हती. त्या दिवशी मात्र झोळी आत ठेवली, भाऊ आणि मारित चढले आणि तो असा सुटला, की वाटेतल्या शेळ्यांनीही हॉर्नची वाट बघितली नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस वेळेवर टोचली गेली आणि संध्याकाळी काळूरामने चहा मागितला. पण तिथल्या तरुण डॉक्टरने मारितला बाजूला घेऊन इंग्रजीत शांतपणे विचारलं, की या माणसाला आधी तुमच्याकडे का नेलं. तिने खरं ते सांगितलं. तो हसला नाही. "आज जीप होती," एवढंच तो म्हणाला.

त्या आठवड्यात मारितने पुस्तक उघडलं नाही. ती रोज धाकलूच्या बायकोकडे, सकुबाईकडे जाऊन बसली आणि सुपातले तांदूळ निवडता निवडता चार वाक्यं पाठ करत आणि तिच्या बोलण्यातले आणखी शब्द वेचत राहिली. सकुबाईने उच्चार सुधारून दिले, पण तिचा चेहरा काही खुलेना.

"सांगायलाच पायजे का?" तिने दोनदा विचारलं. मारितला वाटलं, तोही उच्चाराचाच प्रश्न असावा.

बुधवारी अंगण भरलं तेव्हा ती ओटीवर उभी राहिली. "मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "मला औषध माहीत नाही. मी फक्त वाचते आणि लाकूड कोरते. आजारी पडलात तर मुरबाडला जा." शब्द एकही चुकला नाही.

मग पुरुष उठले. कुणी रागावलं नाही. टोप्या झटकल्या आणि एकेक जण बांधावरून निघून गेला. धाकलू सगळ्यांत शेवटी गेला, धुतलेल्या सदऱ्याच्या बाह्या खाली सोडत.

बायका मात्र बसूनच होत्या. मारितला वाटलं, आपलं बोलणं त्यांना कळलं नसावं. तिने पहिलं वाक्य पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सकुबाईने हात वर करून तिला थांबवलं, पायरीवरून वाकून पुरुष बांधाच्या वळणापलीकडे गेलेत ना ते पाहिलं आणि बाईजाकडे बघून मान हलवली.

"बाई," बाईजा म्हणाली, आणि पहिल्यांदाच ती इतकं सावकाश बोलली, की मारितला शब्द न् शब्द समजला. "तुमी डाक्टर नाय, हे आमाला म्हायती हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासून. डाक्टर पैसं मागतो, सुई टोचतो. तुमी तर नुसत्या बघत बसता." ती जराशी पुढे सरकली. "पन आता मोठ्यानं बोललात तसं परत बोलू नका. घरी काय सांगू मी?"

मारितला त्यातली अडचण कळेना, तेव्हा सकुबाई उठली. तिने डोक्यावर हंडा घेतल्याचं करून दाखवलं. मग मोळी, मग लावणीसाठी वाकलेली कंबर, मग चूल फुंकणं. एकामागून एक, न थांबता, इतका वेळ, की तिला दम लागला. आणि मग ती धपकन ओटीवर बसली, पाय पसरले, हात मांडीवर टाकले आणि डोंगराकडे बघू लागली.

"घरी असं बसलं तर सगळी इचारतात, काय झालं गो तुला," ती म्हणाली. "हितं बसलं तर कोन इचारत नाय. औषध चालू हाय म्हनतात."

बायका खुदखुदल्या. राहीने तर तोंडावर पदरच घेतला.

मारित त्यांच्याकडे बघतच राहिली. हे असं बसता यावं म्हणून तिने एक देश सोडला होता. तिच्या शहरात तर निवांत कसं बसावं हे शिकवणारे वर्ग चालत आणि तिथेही ती वेळेवर पोचायला धावत असे. आणि या बायकांनी कुणाला न विचारता, एका खोट्या कंबरदुखीच्या जोरावर, भर सुगीच्या दिवसांत आठवड्यातली एक अख्खी दुपार पळवून आणली होती. तिला मान झुकवावीशी वाटली. पण काळूरामचा सुजलेला पाय डोळ्यांपुढून जाईना. तिने एकेकीकडे बोट करत बजावलं, की ताप, साप, खोकला, मूल, सगळं मुरबाडला.

"सगळं मुरबाडला," बाईजाने कबूल केलं. "पन कंबर नाय. कंबरंला मुरबाडलाबी औषध नाय."

मारित आत गेली आणि पुस्तकं घेऊन आली.

पुढच्या बुधवारी एकही पुरुष फिरकला नाही. बायका मात्र शेणव्याच्या धरून सगळ्या आल्या आणि प्रत्येकीचा हात कंबरेवर होता. जीप थांबत होती तिथपासून ओटीपर्यंत त्या कण्हत आल्या आणि पायरी चढल्यावर ताठ झाल्या. मारितने फळी मांडीवर घेतली. अंगणात पानं उलटल्याचा आवाज येत होता, आणि तिच्या हत्याराखाली लाकूड करकरत होतं.

उन्हं कलली तेव्हा बांधावर धाकलू दिसला. आज अंगात रोजचाच सदरा होता. तो पायरीपाशी येऊन थांबला, उगीच छपराची कौलं न्याहाळली, बायकोच्या नजरेला नजर न देता घसा खाकरला आणि हळूच पाठीवर हात ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "माझी बी जरा कंबर..."

मारितने सकुबाईकडे बघितलं. सकुबाईने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही, फक्त थोडी सरकली आणि त्याला जागा करून दिली.