मी सोडलेली पट्टी

हातात सहज आलेली वस्तू तुम्ही कधी निव्वळ मोठ्यांचा मान राखायचा म्हणून खाली पडू दिलीय का? मी दिलीय. एकदा नाही, तीनदा. आणि तेही माझ्या लेकीच्या वहीत नोंद होत असताना.

यांनी दिवाळीत मोटारसायकल घेतली तेव्हापासून आमची जुनी स्कूटी अंगणात उभी होती. माझं माहेर आमच्या सास्तूरपासून नऊ किलोमीटर. तिथं आई एकटीच असते. जायचं तर यांना सवड पाहिजे, आणि यांना सवड मिळते ती फक्त जेवायला आणि क्रिकेट बघायला. चार महिने मी रोज भाजीत दाण्याचं कूट जरा जास्तच घातलं, तेव्हा कुठं हे म्हणाले, "सोमवारपासून शिकवतो. अप्पांना विचारून." (अप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांना विचारायचं म्हणजे आमच्याकडं सहसा 'नाही' असाच अर्थ होतो.) पण अप्पा चक्क हो म्हणाले. रात्री स्वप्नातसुद्धा मी हॉर्न वाजवत होते.

मग आला रविवार. शिवरंजनी, माझी नववीतली लेक, तीस सेंटिमीटरची पट्टी घेऊन ओसरीवर आली. घरातल्या माणसांचा प्रतिक्रिया काळ मोजून आणा, असं सरांनी सांगितलं होतं. ती पट्टी वर धरणार, आपण खाली शून्यापाशी दोन बोटं उघडी ठेवायची, आणि पट्टी सुटली की पकडायची. जितका आकडा कमी तितका माणूस चपळ. प्रत्येकाला तीन संधी.

"मी शाळेत कबड्डी खेळलोय," म्हणत यांनी बाह्या वर केल्या. सरासरी निघाली चोवीस. "पट्टी गुळगुळीत हाय," हे म्हणाले. अप्पांनी अठ्ठावीसवर पकडली आणि शंभरपैकी शंभर मिळाल्यासारखं सगळ्यांकडं पाहिलं.

मग माझी पाळी. तव्यावरची भाकरी मी वीस वर्षं बोटांनी उलटतेय. पट्टी दहा-बारावर हातात येणार, हे मला ठाऊक होतं. पण समोर अप्पा बसलेले. या घरात मी कधी त्यांच्या आधी जेवलेले नाही, त्यांच्या आधी पट्टी कशी पकडू? शिवरंजनीनं पट्टी सोडली, आणि मी बोटं तशीच ठेवली. पट्टी फरशीवर. दुसऱ्यांदा फरशीवर. तिसऱ्यांदा तर माझ्या पायावर.

अप्पांनी चष्मा काढला. "ही गाडी चालवणार? पुढं म्हैस आली तर हिला कळंस्तोवर म्हैस पाणी पिऊन, डुंबून, घरी जाऊन बसंल. ब्याड." मनापासून नको म्हणायचं असलं की अप्पा कानडीत म्हणतात. त्यावर अपील नसतं.

"अहो, मी मुद्दाम सोडली," मी यांच्या कानाशी पुटपुटले.

"कबड्डीत हरणारे बी हेच म्हणायचे," हे मोठ्यानं म्हणाले.

शिवरंजनीनं मात्र ते ऐकलं. तिनं वहीचं पान माझ्यापुढं धरलं. प्रयोगाच्या आधीच तिनं पेनानं लिहून ठेवलं होतं : 'अंदाज – आई सगळ्यात चपळ. कारण ती गरम भाकरी हातानं उलटते.'

"परत घे की गं," मी म्हटलं. "आता नीट पकडते."

"सर म्हणालेत, पहिले तीनच धरायचे. आवडले नाहीत म्हणून आकडे बदलायचे नाहीत." पट्टी उचलत ती म्हणाली, "आई, ह्यात मान कुठं मोजायचा होता?"

स्कूटी गेल्याचं दुःख होतंच, पण त्या पेनानं लिहिलेल्या ओळीकडं मला बघवेना.

इतक्यात माझ्या सासूबाई, गंगम्मा आत्या, शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या. वय चौसष्ट. "आन इकडं," म्हणाल्या. पट्टी सुटली, आणि आत्यांनी ती तेरावर पकडली. मग बारावर. मग पुन्हा तेरावर. यांच्या बाह्या आपोआप खाली आल्या.

आत्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की त्यांना सगळं समजलंय हे मला समजलं. आता त्या माझी बाजू घेणार, असं वाटून मी पदर सावरला.

"म्हशीचं काय म्हणत हुतात तुम्ही?" त्यांनी अप्पांना विचारलं.

अप्पा चष्मा पुसत राहिले.

"मग शिवानंद," त्या यांच्याकडं वळून म्हणाल्या, "उद्यापासनं मला शिकीव. सूनबाईला माहेराला म्या सोडते."

शिवरंजनीनं वहीत लिहिलं : 'अंदाज चुकला.'

सोमवारी सकाळी सात वाजता आत्या लुगडं खोचून स्कूटीवर बसल्या, यांनी हँडल धरलं, आणि मी मागचं कॅरिअर धरून शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या पळाले.