एका गोलाच्या राखणीत राज्य गेले त्याची हकीकत

ज्या वाटोळ्या वस्तूस हात ना पाय, परंतु जी भल्याभल्यांचे हातपाय गाळवते, तिला प्रथम दंडवत. आणि तिच्यापाठी धावणाऱ्या अकरा असामींस दुसरा. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, माघमासी, रविवारी दोन प्रहरी जे वर्तमान घडले ते जैसे डोळ्यांनी पाहिले तैसे लिहितो. आमचे राज्य म्हणजे काय, तर एक पेठ, पेठेची एक तालीम आणि तालमीचा फुटबॉल संघ. परंतु सत्तर वर्षे हे राज्य वरच्या वर्गात नांदले, आणि खालच्या वर्गात जाणे म्हणजे काय हे आमच्यांत कोणी पाहिलेच नव्हते. खाली गेलेल्यांस मोठे मैदान बंद होते, मग वीटभट्ट्यांपलीकडच्या माळावर खेळावे लागते, तेथे पायऱ्या नाहीत आणि पाहणारेही नाहीत, ऐसे ऐकून होतो.

त्या साली कारभाऱ्यांनी समुद्रकाठचे श्रीधरपंत केरकर यांस प्रशिक्षक नेमून आणिले. पंत मोठे सभ्य, आवाज मऊ, हाती सदा एक पाटी. परंतु त्यांची मसलत एकच, की एक गोल करावा आणि मग अवघी फौज माघारी आणून आपल्याच गोलापुढे उभी करावी. प्रथम पाच असामी मागे राहिले, मग सहा राहिले, मग आघाडीचा रणधीर कारंडे, ज्याचे काम गनिमावर चालून जाण्याचे, तोही मागे येऊन आपल्याच गोलाची हवा खाऊ लागला. आणि काय सांगावे, सात सामन्यांत आम्ही पुढे होतो आणि सातही शेवटल्या घटकेस घालविले! प्रजा संतापली, चहाच्या टपरीवर पंतांच्या नावाने बोटे मोडू लागली. आमचा गोलरक्षक इक्बाल मुजावर, जो अठरा वर्षे त्या तीन खांबांचा किल्लेदार, तो तर रडकुंडीस आला. "अण्णा, माझ्या म्होरं एवढी गर्दी करत्यात, मला चेंडूच दिसत न्हाई," ऐसे तो मारुतीअण्णा चौगल्यांस बोलला. अण्णा म्हणजे जुने खेळाडू, आणि पेठेत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

शेवटचा सामना उरला. जिंकलो तर राहिलो. बरोबरी वा हार झाली तर खाली. इक्बालाचाही हा शेवटलाच सामना होता, आणि राज्य वर ठेवून मग हातमोजे काढीन, ऐसे त्याने घरी सांगितले होते. तेव्हा शनिवारी सकाळी आम्ही दहावीस माणसे अण्णांस पुढे घालून तालमीत गेलो आणि पंतांस घेरले. अण्णा बोलिले, "सर, बास झालं आता. उद्या एक गोल झाला तरी मागं यायचं न्हाई. उचला भंडारा." पंतांचा चेहरा उतरला. ते बोलिले, "अण्णा, मला भीती वाटते हो. मागे रिकामे सोडले आणि कोणी घुसला, तर?" अण्णा म्हणाले, "भीती आमाला बी वाटत्या. उचला." मग पंतांनी देवापुढला भंडारा हाती घेऊन शपथ वाहिली, आणि पुढे जाण्याचा हुकूम फिरविणार नाही ऐसे कबूल केले. आम्ही लढाई जिंकल्यागत घरी गेलो.

रविवारी पायऱ्या तुडुंब भरल्या. तिसाव्या मिनिटास रणधीराने गोल हाणिला, आणि आम्ही नाचलो, आणि नाचता नाचताच सवयीने धास्तावलो, की आता हे मागे येणार. परंतु आले नाहीत! पंत रेघेवर उभे राहून हात पुढे करीत होते, आणि पोरे धावतच होती, आणि गनीम आपल्याच अंगणात कोंडला होता. असा खेळ वर्षभरात पाहिला नव्हता. मग ऐंशीवे मिनिट उलटले, आणि मी आपल्या गोलाकडे नजर टाकिली तो काय, अर्धे मैदान ओस, आणि त्या टोकास एकटा इक्बाल. इतक्यात गनिमाचा एक स्वार निसटला आणि त्याचा फटका खांबास लागून खण्णकन वाजला. चेंडू बाहेर गेला, गोल वाचला, परंतु आमचा जीव काही जागेवर आला नाही.

मग तिसऱ्या रांगेतून कोणी ओरडले, "मागं या रं! मागं या!" आणि दुसऱ्याने तेच म्हटले, आणि मग चार हजार माणसे एका घशाने तेच ओरडू लागली. पंत हात पुढे फेकून "पुढे! पुढे!" म्हणत होते, परंतु त्यांचा मऊ आवाज कोणास ऐकू जाणार? मैदानात पेठेचीच पोरे. त्यांनी वर पाहिले; तेथे चुलते ओरडत होते, आया ओरडत होत्या, आणि अण्णाही उभे राहून हाताने मागे मागे खुणावीत होते. पोरांनी घरच्यांचे ऐकिले. दहाही असामी माघारी येऊन गोलापुढे उभे राहिले. इक्बाल बोंबलत होता, "हला की रं म्होरनं! दिसत न्हाई मला!" शेवटच्या मिनिटास एक साधा, हळू फटका त्या पायांच्या गर्दीतून सरपटत आला. इक्बालास तो जाळीत गेल्यावर दिसला.

बरोबरी जाहली, शिट्टी वाजली. इक्बाल पायऱ्यांखाली आला, आणि वर पाहून त्याने शांतपणे विचारिले, "पयलं कोण वरडलं?" अण्णा खाली बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. पंतांस शिव्या देण्यास आलेली माणसे शिव्या न देताच पांगली.

सारांश इतकाच, की राज्य वर्षभर ज्या भीतीस नावे ठेवीत होते, त्याच भीतीने शेवटी बुडविले. तिसऱ्या रांगेतला तो पहिला आवाज कोणाचा, हे लिहिणारास ठाऊक आहे. इक्बाल अद्याप विचारतो, म्हणून या कागदाखाली लिहिणाराने आपले नाव घातलेले नाही.