लाल रेघेपर्यंत

"बघावी. पाचव्या भागात ती बाई दार उघडते तिथपर्यंत. पुढचे माहीत नाही. विचारू नये. – लिमये, दुसरा मजला."

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर हा मेसेज आला तेव्हा मला इथे राहायला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. ती सीरीज मी नुकतीच एका दमात संपवली होती आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. धडाधड टाइप केलं, "काकाऽऽ, खरी मजा तर पुढेच आहे!! दार उघडल्यावर काय होतं ते बघाच!!!"

लगेच उत्तर आलं. "दार उघडल्यावर काय होते हे मी विचारले होते का?"

झालं, सदाशिव पेठेत माझं स्वागत झालं.

लिमये काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. उंच, किडकिडीत, घरातसुद्धा इन केलेला शर्ट. रिमोटला प्लास्टिकचं कव्हर, त्यावर रबर बँड. आमच्या ग्रुपवर बाकी सगळे पाणी कधी येणार, लिफ्ट का बंद, माझ्या स्कूटरपुढे कुणी गाडी लावलीय, एवढंच लिहितात. त्यात मधूनच काकांची शिफारस येते, तीही अशी तोडलेली. "पहिले तीन भाग उत्तम. चौथा निम्मा." "सातव्या भागातल्या भांडणापर्यंत बघण्यास हरकत नाही." आणि खाली ठरलेली ओळ: "शिफारस आहे, हमी नाही."

त्यांचं रेटिंगही त्यांचं स्वतःचं. स्टार वगैरे नाही, चहाचे कप. सीरीज बघताना चहा प्यायचा विसर पडून तो निवला, तर एक कप. अर्धा पिऊन मग विसरला, तर अर्धा कप. "नॉर्वेची पोलिसांची बघितलीस का? एक कप निवला." मी एकदा विचारलं, जास्तीत जास्त किती दिलेत? "दीड. दोन कप अजून कुणी मिळवलेले नाहीत."

खाली तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे. काका तिथल्या बाकावर पेपर वाचायला बसतात आणि आलेल्या पेशंटना ट्रीटमेंट बघून सीरीज देतात. "रूट कॅनल? मग सहा भागांची आहे एक, ती घ्या. नुसतं क्लीनिंग असेल तर उगाच लांबड लावू नका." एका बिचाऱ्याचा गाल टम्म सुजलेला, त्याला बोलता येईना. काका म्हणाले, "तुम्हाला सबटायटलवाली चालेल."

माझी त्यांच्याशी गट्टी जमणारच होती. मला आवडलेलं दहा जणांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि आयटीतली माझी सगळी मित्रमंडळी "लिस्टमध्ये टाकते" म्हणून विसरून जातात. काका विसरत नाहीत. मी त्यांच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहते, म्हणून माझं नाव "वरची". रविवारी सकाळी खालून हाक येते, "वरचीऽ, चहा टाकलाय." मग आम्ही बघत बसतो.

आणि काय काय बघायचे हो! एक महिना कोरियन आचाऱ्यांची स्पर्धा. मग फुटबॉलच्या एका हरणाऱ्या क्लबची गोष्ट. मग जपानी कार्टून, ज्यात सगळ्यांचे केस निळे. सत्तरीच्या माणसाची ही आवड? "काका, तुम्हाला खरंच आवडतं हे?" तर म्हणे, "आवडायचा काय संबंध? समजून घ्यायचं असतं."

पण त्यांच्याबरोबर बघणं म्हणजे छळ होता. एका रविवारी अगदी रंगात आलेलं, हिरो जिना चढतोय, वर खुनी उभा आहे, मी उशी घट्ट आवळून धरलेली, आणि काकांनी पॉझ केलं.

"काका!!"

"आज एवढंच. इथे थांबतात."

"कोण थांबतं इथे? तो जिन्यात आहे!"

"राहू दे जिन्यात. पडत नाही तो."

तो बिचारा पुढचे दोन रविवार जिन्यातच होता. मग एका रविवारी काका खुशीत. "चल, आज तीन भाग बघायचेत!" तीन म्हणजे तीन, सलग. मधेच मात्र स्वतःशी पुटपुटले, "एका दिवसात एवढं बघू नये माणसानं. झोपायचं कधी मग?" मला वाटलं मला म्हणतायत. मी म्हटलं, "मी झोपते हो काका." त्यांनी असं बघितलं, जसं काही मी खोलीत आहे हेच विसरले होते.

काकांच्या घरात दुसरं कुणी नाही. काकू गेल्या, त्याला फार काळ लोटलेला नाही. मुलगा बंगळुरूला असतो, अनिकेत. हे मला पहिल्या मजल्यावरच्या सबनीस काकूंनी सांगितलं. मी हसत हसत त्यांना काकांची ताजी टोमणेबाजी सांगत होते. त्या हसल्या नाहीत.

"तुला त्यांची जीभ मजेशीर वाटते ना? वाटू दे. आम्हालाही वाटायची." कोथिंबीर निवडता निवडता त्या म्हणाल्या. "वहिनी गेल्या तेव्हा अनिकेतला यायला उशीर झाला. विमान रखडलं. तो पोचला तोवर सगळे स्मशानातून परत आले होते. पोरगं बॅग घेऊन दारात उभं, चेहरा एवढासा झालेला. आणि लिमये दार उघडून म्हणाले, 'या. कार्यक्रम आटोपला.'"

"असं म्हणाले?"

"सगळ्या पाहुण्यांसमोर. त्यांना रडता येत नाही गं, त्यांना तेवढंच येतं. पण पोराला कोण सांगणार हे? तेराव्यापर्यंत राहिला, कामं सगळी केली, बापाशी एक शब्द बोलला नाही. जाताना तेवढा तो मोठा टीव्ही लावून दिला. त्यानंतर फोन नाही, काही नाही. इथूनही नाही, तिथूनही नाही."

त्यानंतर ग्रुपवर काकांचा मेसेज आला की मला आधीसारखं फिस्सकन हसू यायचं नाही. आणि थोड्या दिवसांनी तर मेसेज येणंच थांबलं. रविवारची हाकही बंद. जिन्यात भेटल्यावर मी विचारलं, "काका, ती जहाजावरची सीरीज? आपण अर्ध्यात आहोत की!"

"आहोत," म्हणाले. "तिथेच आहोत."

दाढी वाढलेली होती. शर्ट इन केलेला नव्हता.

मग एका रविवारी माझी बेल वाजली. दारात काका. ते कधीच वर येत नाहीत, गुडघे दुखतात म्हणून खालूनच हाका मारतात. धापा टाकत म्हणाले, "जरा खाली ये. टीव्ही काहीतरी म्हणतोय."

मी चपलाही न घालता गेले. टीव्हीवर काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ: हा टीव्ही या खात्याच्या घरातला नाही.

"घरातला नाही म्हणजे?" काकांनी चष्मा वरखाली केला. "मग कुणाच्या घरातला आहे?"

"अहो, अकाउंट दुसऱ्या गावातल्या माणसाचं असलं की असं येतं हल्ली. एका घरापुरतंच ठेवलंय त्यांनी. अकाउंट कुणाचंय?"

"अनिकेतचं."

"मग काहीच प्रॉब्लेम नाही!" मला लगेच सुरसुरी आली. "तुमचं स्वतःचं नवीन काढू! पाच मिनिटांचं काम आहे, माझ्याच फोनवरून करते. सगळं असेल तिथे, कोरियन, जपानी, जहाजवाली, सगळं!"

"नको."

"अहो, पण सगळ्या सीरीज त्याच असतात—"

"त्या असतील गं. कुठपर्यंत बघायच्या ते नसेल."

मला काही कळलं नाही. काका आत गेले, आतून चहाची भांडी वाजली. दोन कप घेऊन आले, एक मला दिला, आणि खुर्चीत बसून टीव्हीकडे न बघता बोलायला लागले, एखादं मशीन कसं चालतं ते समजावून सांगावं तसं.

"हा लावला की दोन चौकोन येतात. एकावर त्याचं नाव, एकावर 'बाबा'. त्यानंच करून ठेवलेत. त्याच्या चौकोनात गेलं की तो काय बघतोय ते दिसतं. चित्राखाली लाल रेघ असते बघ, कुठपर्यंत बघून झालं त्याची. ती बघून ठेवायची. तिथे काही लावायचं मात्र नाही. लावलं की त्याची रेघ हलते, तो म्हणेल कुणी हात लावला. मग आपल्या चौकोनात यायचं, आणि तेवढंच बघायचं."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. जिन्यातला हिरो. कोरियन आचारी. निळे केस. इथे थांबतात.

"तीन भाग एका दिवसात बघितले की समजायचं, सुट्टी आहे. किंवा झोप लागत नाहीये," काका म्हणाले. "फुटबॉलचं तर पुन्हा पहिल्यापासून बघितलं त्यानं. त्याच्या आईबरोबर बघायचा तो फुटबॉल. तिला कळायचं नाही काही, नुसती ओरडायची."

"पण काका, पुढे का नाही बघायचं? पुढे बघितलं तर काय बिघडतं?"

"पुढे जाऊन काय करू? तिथे एकटाच असणार मी."

खाली रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज येत राहिला.

"जहाजवालीत कितीतरी दिवस झाले, त्याची रेघ हललेली नाही," ते म्हणाले. "म्हटलं कामात असेल. मग म्हटलं, बरं नसेल. रोज सकाळी बघायचो. आज बघायला गेलो तर हे."

मी पडद्यावरचं खालचं बटण वाचलं. "एक करता येईल. इथून कोड मागवता येतो. तो अनिकेतच्या फोनवर जाईल. त्यानं तुम्हाला कळवायचा आणि आपण इथे टाकायचा. पंधरा मिनिटांत टाकावा लागतो."

"म्हणजे त्याच्याकडे मागावा लागेल."

"हो. फोन लावू?"

"नको, नको." हातच आडवा केला त्यांनी. आयुष्यभर लोकांच्या टेलिफोनच्या लायनी जोडून दिलेला माणूस. "मेसेज करू."

मी बटण दाबलं. काकांनी एका बोटानं टाइप केलं, आणि पाठवायच्या आधी मला दाखवलं: "टीव्हीचा कोड आला असेल. पाठवावा. – बाबा."

"काका, 'कसा आहेस' तरी लिहा ना!"

"पंधरा मिनिटांची मुदत आहे म्हणालीस ना? 'कसा आहेस' त्यात बसत नाही."

मेसेज गेला. फोन टीपॉयवर ठेवला, चष्मा त्याच्या शेजारी. मी बोलत सुटले, घाबरले की मी बोलते. ऑफिसचं सांगितलं, नवीन आलेल्या एका सीरीजचं सांगितलं. काका हं हं करत होते. नजर फोनवर. मेसेज वाचल्याची खूण आली. मग वर "टायपिंग" आलं. गेलं. परत आलं. परत गेलं. काकांनी हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. मला वाटलं, तो बरंच काही लिहितोय. काकांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी चष्मा लावला.

मेसेज आला. चार आकडे. बाकी काही नाही.

काकांनी ते आकडे दोनदा वाचले. मग मला म्हणाले, "टाक."

टीव्ही सुरू झाला. दोन चौकोन आले. काका आधी त्याच्या चौकोनात गेले. जहाजाच्या चित्राखाली लाल रेघ होती तिथेच होती. ते हळूच बाहेर आले, दार न वाजवता ओढून घ्यावं तसे. फोन उचलून "मिळाला" एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं.

मी कप उचलायला गेले. माझा भरलेला, त्यांचाही भरलेला. दोन्ही गार. दोन कप.

मग मला आठवलं, खरं ते सांगायला हवं. "काका, हे कायमचं नाहीये हं. काही दिवस चालेल, मग टीव्ही परत तेच म्हणेल. परत कोड मागावा लागेल. वैतागच आहे तसा."

कपबश्या घ्यायला पुढे आलेले काका थांबले.

"परत मागावा लागेल?"

"हो ना."

"त्याच्याकडेच?"

"त्याच्याकडेच."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर परत."

काकांनी माझ्या हातातले कप घेतले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून, पाठ माझ्याकडेच असताना, विचारलं, "नक्की विचारतो ना पण टीव्ही? नाहीतर विसरून जायचा."

"विचारतो, काका."

"हमी?"

"हमी," मी म्हटलं.