इन्व्हर्टरवरचं घड्याळ

वस्तू वापरावी, तिची काळजी घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालंय.

त्याचं असं झालं, माझ्या मेव्हण्याने आम्हाला एक क्लॉक रेडिओ दिला. उशाशी ठेवायचं, लाल आकड्यांचं घड्याळ, आणि गजर म्हणून थेट रेडिओच लागणार. देताना म्हणाला, "भावोजी, आता तरी उठा." (बायकोचा धाकटा भाऊ. बोलणारच.) पण गरज होती हे खरं. ऑफिसात उशिरा पोचण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, "आता एकदा जरी उशीर झाला, तर तळघरात जुन्या फायलींवर बदली." तळघरात खिडकी नाही, माणूस नाही, चहा पोचेपर्यंत त्याचं सरबत होतं. आधी तिथे पाठवलेले गृहस्थ निवृत्त झाले की अजून आतच आहेत, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

तेव्हा ह्या रेडिओला जिवापाड जपायचं, असं मी ठरवलं. सोबतची माहितीपुस्तिका पाठ केली. जवळ पाणी ठेवू नये, म्हणून हिचा पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात हलवला. वर कापड घालू नये, म्हणून हिने हौसेने विणलेलं कव्हर काढलं. धूळ मऊ ब्रशने झटकावी, म्हणून रोज ब्रश.

"एवढं कधी माझ्याकडे बघितलंत?" ही म्हणाली.

"तुला कुठे प्लग आहे?" मी म्हणालो. (त्या दिवशी जेवण मला स्वतःच वाढून घ्यावं लागलं.)

त्यातच विजेचा दाब वरखाली होऊन शेजाऱ्यांचा मिक्सर जळाला. मिक्सरची ही गत, तर माझ्या रेडिओचं काय? माळ्यावर एक जुना इन्व्हर्टर पडला होता. तो खाली काढला, बॅटरीसकट पलंगाशेजारी मांडला आणि रेडिओ रात्रभर बॅटरीवरच चालेल असा त्याच्यावर जोडला. ही उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.

पुस्तिकेत असंही होतं, की घराबाहेर पडताना प्लग काढावा. मी रोज काढायचो. संध्याकाळी परत लावायचो, आणि रेडिओवरच्या बातम्या ऐकून घड्याळ अगदी काटेकोर जुळवायचो.

गंमत म्हणजे संध्याकाळच्या बातम्या वेळेवर लागायच्या, पण सकाळच्या रोज उशिरा! घड्याळात पावणेआठ, आणि आतला माणूस खुशाल सांगतोय, सात वाजले. मला त्याची दया यायची. असतं एकेकाला सकाळी उठायला जड. मी स्वतः त्यातलाच.

मनगटावरचं घड्याळ मी ह्या लाल आकड्यांशी लावायचो आणि धावत सुटायचो. धावायचो, कारण माझ्या घड्याळाप्रमाणे मला रोजच्यासारखा उशीर झालेलाच असायचा. धापा टाकत, माफीचं वाक्य जुळवत ऑफिसात शिरावं, तर आत कोणीच नाही! सगळं ऑफिस माझ्याहून बिघडलं होतं. साहेब यायचे, मला खुर्चीत बघून दारातच थबकायचे.

आठवड्याभरात साहेब सर्वांसमोर म्हणाले, "ह्यांच्याकडून काही शिका." एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी शिपायाला हुकूम सोडला, "भिंतीवरचं घड्याळ ह्यांच्या घड्याळाशी लावून घे."

शिपायाने लावलं. त्या दिवशी ऑफिस सुटलं तेव्हा बाहेर ऊन जरा जास्तच वाटत होतं, पण सुटलेल्या ऑफिसात उन्हाची चौकशी कोण करतो? आम्ही कुलूप लावून गेलो, आणि मागाहून मुख्य कार्यालयातले मोठे साहेब तपासणीला आले. कामाच्या वेळेत दाराला हे एवढं कुलूप!

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांचा चेहरा मला बघवेना. "माझं घड्याळ बरोबरच आहे," मी शपथेवर सांगितलं. "घरी येऊन बघा."

ते खरंच आले, सकाळीच. मी अभिमानाने त्यांना रेडिओसमोर बसवलं. लाल आकडे दाखवत होते पावणेआठ. तेवढ्यात आतून आवाज आला, "सकाळचे सात वाजले आहेत."

साहेबांनी रेडिओकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हा रोजच उशिरा येतो, साहेब," मी समजावलं.

ही चहा घेऊन आली होती. तिला राहवेना. "अहो, भिंतीतल्या प्लगला लावलं की तेच घड्याळ बरोबर चालतं. मी पहिल्याच आठवड्यात लावून बघितलंय. तुमचा हा इन्व्हर्टर त्याला पळवतो." (असली घड्याळं विजेचे ठोके मोजतात म्हणे, आणि आमचा इन्व्हर्टर ठोके भराभर देत होता.)

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तळघरात गेला असतात ना! जन्मात पहिल्यांदा वेळेवर जात होतात."

साहेब उठले. इन्व्हर्टरभोवती एक चक्कर मारली, त्याच्यावर कौतुकाने हात फिरवला. "वहिनी, म्हणजे एवढे दिवस वेळेवर येत होता, तो हा. ह्याला माझ्या केबिनमध्ये पाठवून द्या. ऑफिसात असा एक तरी हवा."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही तळघरात."

सध्या मी तळघरात असतो. काल घरी आलो, तर हिने प्रेमाने विचारलं, "ऑफिसात सगळं ठीक ना?" माझं मन भरून आलं. म्हटलं, "ठीक कसलं, नुसती धूळ आहे तिथे, आणि चहा तर..."

"तुमचं नाही हो," ही म्हणाली. "इन्व्हर्टरचं विचारतेय."