कडू काडी आणि टिटवीबाईंचे चार अहवाल

एका जंगलात, मुलांनो, डास फार होते. म्हणून ताप फार होता. आणि ताप फार होता म्हणून अस्वलशेठचं दुकान छान चालत होतं.

दुकानात औषध एकच. कडू काडी. नदीपलीकडच्या खडकात एक झुडूप उगवायचं, त्याचं हे मूळ. चघळलं की तोंड वाकडं व्हायचं आणि ताप उतरायचा. एका काडीला एक ओंजळ मोहफुलं, असा जुना भाव होता. पण तापाची साथ आली की शेठ ओंजळीची टोपली करायचे.

"काय करणार? गिऱ्हाईकच फार," असं म्हणून ते पोटावरून हात फिरवायचे.

अशाच एका साथीत टिटवीबाई जंगलात परत आल्या. सात डोंगर ओलांडून त्या बाजारशास्त्र शिकल्या होत्या. तिकडे त्यांना मोठी जागा मिळत होती. पण जंगलाला आपली गरज आहे म्हणून त्या निघून आल्या. तसं टिटवीचं घराणंच कळकळीचं. आभाळ पडू नये म्हणून टिटवी झोपतानाही पाय वर धरते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पहिल्याच सकाळी त्यांना भेकरताई दिसली. मोहाखाली फुलं वेचत होती. शेजारी तिची लेक चिंगी तापाने फणफणत पडली होती.

"टोपली कधी भरेल गं?"

"चार दिवस लागतील, बाई. ताप तेवढा थांबला म्हणजे झालं."

टिटवीबाईंचे डोळे भरून आले. "पुढच्या खेपेला तुला ओंजळीत काडी मिळेल. माझा शब्द आहे."

चिंगी कशीबशी वाचली. टिटवीबाईंनी पहिला अहवाल लिहिला. सिंहमहाराजांनी त्यावर न वाचता पंजा उमटवला आणि दवंडी पिटली : कडू काडीचा भाव एक ओंजळ. जास्त घेईल त्याला शिक्षा.

जंगल नाचलं. दुसऱ्या दिवशी सगळे ओंजळी भरून दुकानात हजर.

"कडू काडी?" शेठ म्हणाले. "ती आता मी ठेवत नाही. ही मधकाडी. एका काडीला एक टोपली."

"शेठ, ही कडू काडीच आहे! टोक तेवढं मधात बुडवलंय!"

"चाटून बघा, बाई. आणि खरं सांगा, कडू लागते का?"

टिटवीबाई खोटं बोलत नसत. त्यांनी चाटली. गोड होती.

मग दुसरा अहवाल आला. मधकाडी भाव बांधलेल्या काड्यांच्या यादीत गेली. शेठनी तिला मोराचं पीस बांधलं आणि भाव दोन टोपल्या केला. तिसरा अहवाल आला. मोरपीसकाडी यादीत गेली. शेठनी मोराचं पीस काढून लांडोरीचं बांधलं. यादी वडाच्या पानांवर मावेना.

"टिटवी समुद्र आटवते म्हणतात," शेठ एकदा कौतुकाने म्हणाले. "आटवा, आटवा. तुम्ही नव्हता तेव्हा मी नुसती मुळं खणत होतो. तुम्ही आलात आणि माझं डोकं चालायला लागलं."

तेवढ्यात माकडांनी बाभळीच्या काड्या कडू काड्या म्हणून विकल्या. टिटवीबाईंना घास गोड लागेना. त्यांनी चौथा अहवाल लिहिला. परवान्याशिवाय कोणी काडी खणू नये, कोणी कोणाला देऊ नये. परवाना त्यालाच, ज्याचं स्वतःचं दुकान आहे आणि वीस वर्षांचा अनुभव आहे.

असा प्राणी जंगलात एकच होता.

अहवालाची फार वाहवा झाली. दूरदेशीच्या गुरुजींचं पत्र आलं. महाराजांनी टिटवीबाईंना मुख्य सल्लागार नेमलं आणि बसायला एक उंच दगड दिला.

वर्षं गेली. चिंगी मोठी झाली, तिला पाडस झालं. पुन्हा साथ आली आणि पाडस तापलं. चिंगीने दुकानात भाव विचारला. मग ती नदी पोहून गेली, खुरांनी खडक उकरला आणि एक मूळ काढलं.

काठावर तरस निरीक्षकाने तिला पकडलं. चौथ्या अहवालाखाली झालेली ही पहिलीच अटक. तरसाला जागच्या जागी बढती मिळाली.

दरबार भरला.

"सोडा तिला!" टिटवीबाई ओरडल्या. "पाडस तापलंय तिचं!"

प्रधान कासव सावकाश पान उलटत म्हणाले, "चौथा अहवाल, पान सात. 'कारण काहीही असो, सूट देऊ नये.' खाली पायाचा ठसा कोणाचा, बाई?"

ठसा टिटवीबाईंचाच होता.

"मग निदान काडी तरी पाडसाला पाठवा."

"तो मुद्देमाल आहे. निकाल लागेपर्यंत हलवता येत नाही."

"निकाल कधी लागेल?"

"तुमचा पाचवा अहवाल आला की लगेच."

चिंगी मान खाली घालून उभी होती. "बाई," ती हळूच म्हणाली, "आई सांगायची, तुम्ही शब्द दिला होता. ओंजळीचं राहू द्या. काडी मी खणलीय. तेवढी घरी पोचवा."

टिटवीबाईंनी एकदा यादीकडे पाहिलं, एकदा काडीकडे. मग मुद्देमाल चोचीत धरला आणि त्या उडाल्या. मागे "धरा, धरा!" झालं. पण दरबारात पंख कोणाला होते?

ऊन कलायच्या आत पाडसाचा ताप उतरला. तोंड वाकडं करून ते आईला शोधू लागलं. आणि आई आलीही, कारण मुद्देमालच नाही म्हटल्यावर चिंगीला सोडावं लागलं.

टिटवीबाईंवर तीन गुन्हे लागले : मुद्देमाल पळवणं, परवान्याशिवाय औषध देणं, आणि फुकट देऊन भाव पाडणं. उंच दगड गेला. मुख्य सल्लागाराची जागा अस्वलशेठना मिळाली. काडीचा अनुभव त्यांच्याइतका होता कोणाला?

त्या दिवशी टिटवीबाई जन्मात पहिल्यांदा पाय खाली टेकवून झोपल्या. आभाळ होतं तिथेच राहिलं.

तात्पर्य : तापाचा अभ्यास जन्मभर करावा, त्यात मान आहे. पण ताप उतरवण्याच्या फंदात पडू नये. त्याला परवाना लागतो.